गोठलेले भोंवरे

तांदूळ एकदां निवडले म्हणजे ते निवडलेले असतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारीं घरचीं माणसें आक्का म्हणत असूं, ती आमच्या घरीं कायमची राहावयास आली त्या वर्षीं ही समजूत ढळली. सकाळीं निवडलेले तांदूळ आक्का दुपारीं पुन्हां सुपांत घेई. त्यांत खडा नाहीं हें तिलाहि ठाऊक असे. तरी तिचीं बोटें सुपावरून फिरत राहत. तांदूळ आटोपले कीं कापूस येई, आणि वाती वळण्यास प्रारंभ होई. देवघरांतील डबा भरला. मग बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा भरला. मग माझ्या पुस्तकांच्या कपाटांतील खालचा खण त्या वातींनीं व्यापला. त्या वर्षीं तिचा एकुलता एक मुलगा ऐन पस्तिशींत चार दिवसांच्या तापानें गेला होता. माझे मेहुणे त्याच्या बऱ्याच आधीं वारले होते.

मी त्या वेळीं महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत असें. शिकविण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला घरींहि शिकविल्यावांचून राहवत नाहीं. "आक्का, आतां शांत हो. झाल्या गोष्टीला इलाज नाहीं," हें वाक्य मीं तिला किती वेळां ऐकविलें असेल याचा हिशेब नाहीं. प्रथम मायेनें ऐकविलें, मग कर्तव्य म्हणून ऐकविलें, आणि शेवटीं, सांगावयास लाज वाटते, कांहींशा त्राग्यानें ऐकविलें. रात्रीं दोन वाजतां स्वयंपाकघरांत दिवा दिसे, डब्यांचीं झांकणें वाजत, आणि माझी झोंप मोडे. एका रात्रीं मी उठून गेलों व जरा मोठ्यानेंच म्हणालों, "अग, निदान बोटें तरी थांबव!" तिनें वर पाहिलें नाहीं. हातांतील वात पुरी वळून झाल्यावर ती म्हणाली, "तुला काय रे, तूं शांतच आहेस."

त्या शब्दांत राग नव्हता. बाहेर पाऊस आहे, छत्री घेऊन जा, असें सांगावें तशी ती मला एक माहिती सांगत होती. मी मात्र रागावलों, आणि परत जाऊन निजलों.

तें वाक्य समजावयास मला पुढें पुष्कळ दिवस लागले. समजलें तें एखाद्या धर्मग्रंथामुळें नव्हे किंवा मानसशास्त्राच्या पुस्तकामुळेंहि नव्हे. समजलें तें गोठलेल्या हायड्रोजनमुळें. हें विधान चमत्कारिक आहे याची मला जाणीव आहे. विज्ञानांतून वेदांत पिळून काढणाऱ्या गृहस्थांची मला स्वतःलाच पूर्वीपासून धास्ती वाटत आली आहे. तरी वाचकांनीं थोडा धीर धरावा. गणित मी माझ्यापाशींच ठेवतों.

हायड्रोजन हा सर्व वायूंत हलका. त्याचा रेणु म्हणजे दोन अणूंची जोडी. एका काडीच्या दोन टोंकांना दोन सुपाऱ्या खोंचाव्या, तशी. वायुरूपांत असतांना ही जोडी इकडून तिकडे धांवते आणि धांवतांना गिरक्याहि घेते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स ड्युअर यांनीं १८९८ सालीं या वायूचा द्रव केला व १८९९ सालीं तो द्रव गोठविला. गोठलेला हायड्रोजन धातूसारखा दिसेल अशी त्या काळीं पुष्कळांची अपेक्षा होती. निघाला तो कांचेसारखा पारदर्शक बर्फ. ज्याच्या खालीं थंडीला जावयास जागाच नाहीं असें टोंक शून्याखालीं २७३ अंश सेल्सिअसवर आहे. त्या टोंकापासून वर मोजलेल्या अंशांना केल्विन म्हणतात. हायड्रोजन गोठतो तो अवघ्या १४ केल्विनवर.

थंडी म्हणजे हालचाल मंदावणें, हें आपण सर्वजण जाणतों. पदार्थ गोठला म्हणजे त्याचे रेणू धांवणें सोडून आपापल्या ठरलेल्या जागीं रांगा धरून बसतात. या रांगांच्या रचनेला शास्त्रांत जालक म्हणतात. पण बसलेला रेणु अगदींच निश्चल नसतो. तो जागच्या जागीं थरथरतो, आणि ही थरथर त्याच्या एकट्याची नसते. दर्शनाच्या रांगेंत मागें कोणीं तरी धक्का दिला म्हणजे तो गाभाऱ्यापर्यंत पोंचतो. तशीच एका रेणूची थरथर शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याकडून पुढच्याकडे, अशी साऱ्या स्फटिकांतून लाटेसारखी जाते. या लाटांची ऊर्जा हवी तेवढी वाटून घेतां येत नाहीं. तीहि नाण्यांसारखी ठराविक मोलांची असते. त्या एकेका नाण्याला फोनॉन असें नांव आहे.

बहुतेक पदार्थ पुरेसे थंड झाले म्हणजे त्यांच्या रेणूंची गिरकी थांबते. नायट्रोजनचेंच पाहा. तो ६३ केल्विनवर गोठतो, आणि सुमारें ३५.६ केल्विनच्या खालीं त्याचे रेणू ठराविक दिशांना तोंडें करून बसतात. मग उरतें तें देवळांतील घंटेसारखें थोडेसें डुलणें. हें डुलणें आणि जालकाची थरथर हीं एकमेकांत इतकीं मिसळून जातात कीं, अमुक हालचाल गिरकीची आणि अमुक थरथरीची अशी वाटणी करणें कठीण पडतें. कोणते रेणू स्फटिकांतहि फिरत राहतात आणि कोणते नुसते डुलतात, या प्रश्नावर लायनस पॉलिंग यांनीं १९३० सालीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांत हायड्रोजनचें स्थान वेगळें होतें. तो गोठला तरी फिरतोच.

कारण असें कीं, पुंजयामिकीच्या राज्यांत भोंवरा जितका हलका आणि लहान, तितक्या त्याच्या गिरकीच्या पायऱ्या उंच. हायड्रोजनच्या पहिल्या पायरीची उंची, तापमानाच्या भाषेंत सांगावयाची तर, सुमारें १७० केल्विन भरते. शेजाऱ्यांची पकड तिच्या मानानें फारच दुबळी. त्यामुळें जालकानें रेणूला जागेवर बसविलें तरी त्याची गिरकी त्याला आंवरतां येत नाहीं. घर गोठलें आहे, माणसें जागच्या जागीं आहेत, आणि आंत भोंवरे फिरत आहेत, अशी ही स्थिति असते.

मात्र सारेच भोंवरे फिरत नसतात, आणि येथेंच खरी गोष्ट सुरू होते. हायड्रोजनच्या रेणूंत दोन केंद्रकें असतात, आणि प्रत्येक केंद्रक म्हणजे एक अतिसूक्ष्म लोहचुंबक. कांहीं रेणूंत हे दोन चुंबक एकमेकांविरुद्ध तोंडें करून असतात. अशा रेणूंना पॅरा म्हणतात. कांहींत ते एकाच दिशेचे असतात, ते ऑर्थो. खोलीच्या उबेंत दोन्ही जातींचे रेणू फिरतात. थंडी पडली कीं पॅरा रेणु शेवटच्या पायरीवरून खालीं उतरतो आणि पूर्ण निवांत होतो. ऑर्थो रेणूला मात्र ती मुभा निसर्गानें ठेविलेली नाहीं. एक पायरी गिरकी त्याला घ्यावीच लागते. थंडी कितीहि वाढली तरी ती सुटत नाहीं. साध्या हायड्रोजनमध्यें दर चार रेणूंत तीन असे ऑर्थो असतात. यापुढें मी त्यांना फिरते आणि निवांत असेंच म्हणेन.

हा भेद माणसाला एकदम कळला नाहीं. ऑयकेन यांनीं १९१२ सालीं हायड्रोजनची विशिष्ट उष्णता मोजली, आणि पुढें पंधरा वर्षें तिचे आंकडे कोणत्याहि सिद्धांतांत बसेनात. १९२७ सालीं हायझेनबर्ग यांनीं या दोन जातींचें भाकीत केलें. त्याच वर्षीं डेनिसन यांनीं ऑयकेन यांच्या आंकड्यांचें कोडें उलगडलें. प्रयोग चालू असतांना या दोन जाती एकमेकींत बदलत नाहींत एवढें गृहीत धरलें कीं हिशेब जुळत होता. १९२९ सालीं बर्लिनमध्यें बोनहोफर व हार्टेक यांनीं अतिथंड कोळशावरून हायड्रोजन नेऊन जवळजवळ शुद्ध निवांत जात हातांत आणून दाखविली. हायझेनबर्ग यांना मिळालेल्या १९३२ च्या नोबेल पारितोषिकाच्या गौरववाक्यांतहि हायड्रोजनच्या या दोन रूपांचा मुद्दाम उल्लेख आहे.

आतां कोणी विचारील कीं, फिरता रेणु थंडींत निवांत कां होऊन जात नाहीं? त्याला तसें होण्यांत लाभच आहे. वरची पायरी सोडून खालीं उतरावयाचें, एवढेंच. परंतु उतरण्यासाठीं त्याच्या दोन चुंबकांपैकीं एकानें दुसऱ्याच्या तुलनेनें उलटें व्हावें लागतें, आणि रेणूच्या स्वतःच्या ठिकाणीं तें घडवून आणणारें कांहींहि नाहीं. अवकाशांत एकटा सोडलेला असा रेणु माणसाच्या कालगणनेंत न मावणारा काळ फिरतच राहील. त्याला शांत हो म्हणून सांगणें व्यर्थ आहे. शांत होण्याचें साधनच त्याच्यापाशीं नाहीं.

बरें, बाहेरून जोर लावला तर? मोठा लोहचुंबक आणून जवळ ठेवला तर? त्यानेंहि काम होत नाहीं. बाहेरचा मोठा चुंबक दोन्ही केंद्रकांना सारखाच ओढतो. दोघेंहि बरोबरच वळतात, आणि त्यांचें आपसांतलें नातें होतें तसेंच राहतें. हवी असते ती असमान ओढ. एका टोंकाला अधिक आणि दुसऱ्या टोंकाला उणी. या दोन टोंकांतलें अंतर तें किती? एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर त्यांतल्या एका भागाच्या पाऊणपट. एवढ्याशा अंतरांत ओढ बदलावयास हवी, तर ओढणारा अगदीं खेटून बसलेला असला पाहिजे. लांबच्या पराक्रमी चुंबकापेक्षां शेजारचा दुबळा चुंबक येथें उपयोगी पडतो. अशा ओढीनें हें रूपांतर कसें घडतें याचा सिद्धांत विग्नर यांनीं १९३३ सालीं मांडला.

शुद्ध गोठलेल्या हायड्रोजनमध्यें असा शेजारी कोण? निवांत रेणूचे दोन चुंबक एकमेकांना मारून टाकतात. गिरकीहि नाहीं, चुंबकत्वहि नाहीं. त्याला शेजारीं बसवून कांहीं लाभ नाहीं. ज्याच्यापाशीं अशी असमान ओढ आहे असा त्या स्फटिकांत एकच प्राणी असतो, आणि तो म्हणजे दुसरा फिरता रेणु. फिरत्याला निववावयाचें सामर्थ्य फिरत्यापाशींच असतें.

हीं विधानें मी वर्गांत कित्येक वर्षें करीत आलों होतों. फळ्यावर दोन बाण काढावयाचे, त्यांच्याशेजारीं दुसरे दोन काढावयाचे, आणि मुलांनीं तें वहींत उतरून घ्यावयाचें, असा तो नित्याचा पाठ होता. त्या वर्षीं तो पाठ देतांना निवांत रेणूचे बाण काढून झाले आणि खडू तसाच हातांत राहिला. "तुला काय रे, तूं शांतच आहेस," हें वाक्य मला त्या फळ्यावर दिसलें. आक्का मला निर्दय म्हणत नव्हती. तुझ्यापाशीं चुंबक नाहीं, एवढेंच ती सांगत होती. माझी बायको माझ्याजवळ होती, मुलें डोळ्यांसमोर होतीं, आणि माझी शांति ही कांहीं मीं मिळविलेली वस्तु नव्हती. निवांत रेणु फिरत्या रेणूहून श्रेष्ठ नसतो; त्याच्या केंद्रकांचीं तोंडें तशीं पडलीं, इतकेंच.

त्या सुमारास आमच्याकडे एक भाजीवाली येत असे. सारी आळी तिला मावशी म्हणे, म्हणून आम्हीहि म्हणूं. एके दिवशीं सकाळीं आक्का पायरीवर बसून वाती वळीत होती. मावशींनीं टोपली उतरविली, पदरानें तोंड पुसलें आणि त्या वातींच्या ढिगाकडे पाहत म्हणाल्या, "लई वाती केल्या कीं आक्काबाई."

"मोजत नाहीं मी," आक्का म्हणाली.

मावशी थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "माजा ल्योक गेला तवा म्या भांडीं घाशीत हुते. घासल्यालीं भांडीं पुन्यांदा घासायचीं. हाताची सालटीं निघालीं, पर थांबाया येईना."

त्यावर आक्का कांहीं म्हणाली नाहीं. मेथीची जुडी केवढ्याला, असें तिनें विचारलें. मावशींनीं भाव सांगितला. दोघींनीं रीतीप्रमाणें घासाघीस केली, आणि मावशी उठून गेल्या. दुसऱ्या दिवशीं त्या पुन्हां पायरीवर बसल्या. तिसऱ्या दिवशीं आक्कानें त्यांना चहा दिला. मी वर्तमानपत्र वाचण्याच्या मिषानें आंतून ऐकत असें. मुलांविषयीं त्या दोघी क्वचित् बोलत. पुष्कळसें बोलणें पावसाचें, भाजीचें आणि गुडघ्यांचें असे. माझ्या उपदेशांत जें सारें होतें, धीर, विवेक, ईश्वरेच्छा, त्यांतला एक शब्दहि मावशींच्या तोंडीं मीं ऐकला नाहीं.

पुढें पंधरा दिवसांनीं आक्का रडली. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती. ती पायरीवर रडली, आणि मावशीहि तिच्याबरोबर रडल्या. माझी पत्नी दुधाचें पातेलें हातांत घेऊन दारांत उभी राहिली, आणि दूध निवून गेलें तरी तिथेंच उभी होती.

वाचकांस वाटेल कीं, येथें गोष्ट संपली आणि आक्का शांत झाली. तसें झालें नाहीं, आणि येथेंहि मला तो स्फटिकच आठवतो. फिरत्या रेणूनें गिरकी सोडली म्हणजे त्या गिरकीची ऊर्जा कोठें तरी जावी लागते. ती जाते जालकाच्या थरथरींत. परंतु गिरकीची किंमत सुमारें १७० केल्विन आहे, आणि हायड्रोजनच्या जालकाचें मोठ्यांत मोठें नाणें, म्हणजे त्याचा सर्वांत जोराचा फोनॉन, सुमारें १०० ते १२० केल्विनपलीकडे जात नाहीं. एका थरथरीला हें ओझें पेलतच नाहीं. तें दोन थरथरींनीं मिळून, एकाच क्षणीं, वाटून घ्यावें लागतें. शेजाऱ्यानें गिरकी सोडविली तरी तिचा भार साऱ्या जालकानें वाहावयाचा असतो. १९५६ सालीं मोतिझुकी व नागामिया या जपानी शास्त्रज्ञांनीं या देवघेवीचा हिशेब बारकाईनें मांडला. असा भार वाहून स्फटिक तापतो.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. द्रव हायड्रोजन सांठविणाऱ्यांना तिनें चांगलाच धडा शिकविला आहे. साधा हायड्रोजन द्रव करून, जाड आवरणाच्या भांड्यांत भरून, बाहेरची ऊब अजिबात आंत येऊं न देतां ठेवला, तरी तो आपोआप उकळून उडून जाऊं लागतो. एक किलोग्रॅम द्रवाची वाफ होण्यास सुमारें ४४५ किलोज्यूल लागतात. आणि तेवढ्याच द्रवांतले फिरते रेणू निवांत होतांना सुमारें ५२५ किलोज्यूल बाहेर पडतात. म्हणजे स्वतःच्या शांतीनेंच सारें भांडें रिकामें व्हावें! पहिल्या एका दिवसांतच पांचवा-सहावा हिस्सा जातो. म्हणून आतां द्रव करतांनाच लोहाच्या एका ऑक्साइडवरून तो वायु नेतात, आणि काढून नेण्याची सोय असतांनाच ही उष्णता काढून घेतात. १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यांत जळला तो द्रव हायड्रोजनच. असल्या इंधनाच्या सांठ्यांचा सारा व्यवहार या एका जुन्या गिरकीचा मान राखूनच चालतो.

आमच्या घरांत काढून नेण्याची अशी कांहीं सोय नव्हती. रडल्यानंतर आक्काला आठ दिवस ताप आला. ताप उतरल्यावर ती चिडूं लागली. आमटींत मीठ कमी म्हणून माझ्या पत्नीवर, दार आपटलें म्हणून मुलांवर, आणि चाळीस वर्षांपूर्वीं वडिलांनीं मला शिकविलें व तिची शाळा सोडविली म्हणून माझ्यावर. तें खरेंच होतें. एवढीं वर्षें तें कोणीं बोललें नव्हतें. त्या दिवसांत घराची भिंत न् भिंत जणूं तापलेली असे. आधींचें वाती वळणेंच बरें होतें, असेंहि माझ्या मनांत एक-दोनदां आलें; तें येथें लपवीत नाहीं. दुसऱ्याला शांति लाभावी अशी इच्छा करणें सोपें असतें. ती लाभतांना जी आंच लागते ती सोसावयास मात्र घरांतल्या निवांत माणसांनींच तयार राहावें लागतें. मावशींचें काम मला करतां येण्यासारखें नव्हतें. हें येत होतें. मीं तें करण्याचा प्रयत्न केला. माझ्या पत्नीनें तें माझ्याहून अधिक केलें, आणि कांहीं न बोलतां केलें.

हळूहळू वाती कमी होत गेल्या. किती हळू, तें सांगतों. गोठलेल्या हायड्रोजनमधील हें निवणें पूर्वींच मोजलें गेलें आहे. एरिका क्रेमर व मायकेल पोलान्यी यांनीं तें १९३३ सालीं अभ्यासिलें होतें. फिरत्यांची संख्या तीन चतुर्थांश असली तर ती निम्मी होण्यास सुमारें ७० तास लागतात. उरलेल्यांपैकीं पुन्हां निम्मे निवावयास १४० तास; त्यापुढच्या निम्म्यांस २८०. प्रत्येक वेळीं दुप्पट काळ. कारण जो तो निवत जातो तसतसे फिरते शेजारी विरळ होतात, आणि मागें राहिलेल्याभोंवतीं निवांतांचाच वेढा पडतो. आक्काचेंहि तसेंच झालें. पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळ सावरली. पुढलें थोडें सावरावयास चार-पांच वर्षें गेलीं. आणि शेवटचें जें थोडें उरलें होतें तें अखेरपर्यंत राहिलें. दिवाळीच्या आदल्या दिवशीं ती हमखास तांदूळ दोनदां निवडी. आम्ही कोणी कांहीं म्हणत नसूं.

त्या वेढ्यांत सांपडलेल्या शेवटच्या रेणूंविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती मला स्वतःला फार दिवस नवलाची वाटत आली आहे. निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ, जेथें कोणताहि रेणु आपली जागा सोडून तसूभरहि हलत नाहीं, तेथें गिरकी मात्र जागा बदलते. फिरता रेणु आपल्या निवांत शेजाऱ्याशीं अवस्थेची अदलाबदल करतो. हा निवतो, तो फिरूं लागतो. त्या देवघेवींत ऊर्जेचा खर्च नसतो. अशी ती गिरकी निवांतांच्या रांगांतून एकापासून दुसऱ्याकडे भटकत राहते, आणि भटकतां भटकतां दुसऱ्या एखाद्या गिरकीजवळ पोंचली तर तेथेंच रेंगाळते. कारण दोन फिरत्यांमध्यें एकमेकांविषयीं किंचित् ओढ असते. थंड स्फटिक पुरेसा वेळ तसाच ठेवला तर एकएकटे विखुरलेले फिरते असे जोड्याजोड्यांनीं एकत्र आलेले आढळतात.

आक्का तीन वर्षांपूर्वीं गेली. वय झालें होतें. फारसे हाल झाले नाहींत. दहावा-बारावा झाला, पाहुणे गेले, आणि तिसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं मी कपाटांतला तो खालचा खण उघडून जमिनीवर बसलों. वाती बाहेर काढल्या, पंचवीस पंचवीसच्या जुड्या केल्या, दोऱ्यानें बांधल्या, पुन्हां सोडल्या, पुन्हां मोजल्या. दुसऱ्या रात्रींहि तेंच केलें. तिसऱ्या रात्रीं पत्नी उठून आली. दारांत उभी राहून ती हलक्या आवाजांत म्हणाली, "अहो, आतां शांत व्हा ना." मीं मान डोलविली, आणि हातांतली जुडी पुन्हां मोजावयास घेतली. तिच्या बोलण्यांत त्रागा नव्हता. माझ्या वेळच्या बोलण्यांत होता, हें मला त्या क्षणीं आठवलें.

सकाळीं मावशी आल्या. आतां त्यांच्यानें टोपली उचलवत नाहीं. नातू हातगाडीवर भाजी आणतो आणि त्या मागून काठी टेकीत येतात. त्यांनीं पायरीकडे पाहिलें. आक्का गेल्यापासून त्या पायरीवर कोणी बसलें नव्हतें. मी घरांतून बाहेर आलों आणि बसलों. जरा वेळानें मावशीहि गुडघ्यांवर हात देऊन, हळूहळू, शेजारीं बसल्या.

"झोंप येती का, दादा?" त्यांनीं विचारलें.

"नाहीं," मी म्हणालों.

त्यांनीं मान हलविली. नातवानें तराजू सांवरला. मेथी कोंवळी होती. मीं दोन जुड्या घेतल्या आणि भावाविषयीं वाद घातला नाहीं, तेव्हां मावशींनींच एक जुडी वर घातली.

खणांतल्या वाती अजून संपल्या नाहींत. देवापुढें रोज संध्याकाळीं एक लागते. मोजून पाहिलें आहे, म्हणून सांगतों: त्या मला पुरून उरतील.